खिडकीखालची माती

"ताई, तुमची काकू जाऊन चाळीस वर्षं झाली. विष असलंच तर पावसानं केव्हाच धुऊन नेलं असेल," प्रयोगशाळेतली सहकारी म्हणाली.

"वाळू असती तर नेलं असतं, बाई. ही चिकणमाती. हिच्या कणांवर ऋणभार असतो. धनभाराचं विष एकदा चिकटलं की पाण्यानं सुटत नाही."

माहेरच्या खिडकीखालच्या त्या मातीचा अर्क ताईनं यंत्रात घातला. काकू तापानं गेली, असं आई शेवटपर्यंत सांगायची. ते खरं निघावं म्हणून ती देव पाण्यात घालून बसली होती.

कागदावर विष उमटलं.

"अगंबाई! पण ते खिडकीखाली ओतलं कुणी?"

"मीच. काकू म्हणाली, उरलेलं दूध तू पी. आईनं पेला हिसकावला आणि म्हणाली, जा, ओतून ये. आमच्या घरात दूध टाकायला सांगितलेलं मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं."