प्रमाणासाठी

पहिलाच फोटो पडद्यावर आला आणि बाबा बोलता बोलता थांबले.

सभागृहात मागे लॅपटॉपशी बसलेली माऊ त्यांच्याकडे बघत राहिली. लेक पस्तिशी ओलांडून गेली, कचेरीत सगळे तिला मॅडम म्हणतात, पण बाबांच्या तोंडी ती माऊच. आताही भरसभेत, माइकवरून, “माऊ, पहिला फोटो लाव गं,” झालंच होतं. एरवी ती लाजली असती. आज तिला लाजायलाही सवड नव्हती.

फोटोत दगडाचा कडा होता, पडदाभर. थरावर थर, आणि दगडाशिवाय दुसरं काही नाही.

डोंगरावरच्या उद्यानात बाबांनी उभी हयात दगड ठोकत, त्यांचा अभ्यास करत काढली होती. तो डोंगर कसा घडला ते आज त्यांनी लोकांना सांगायचं होतं. उद्यानाच्या अधीक्षकांनी गावभर पत्रकं लावली होती आणि सभागृह चक्क भरलं होतं. बाबांचे जुने फोटो कॉम्प्युटरवर चढवायचं काम माऊकडे आलं, आणि त्या प्रत्येक फोटोत आई. साठीला आल्यावर, भरला संसार टाकून दुसऱ्या माणसाच्या घरी राहायला गेलेली आई. ती गेल्यापासून बाबांनी तिचं नाव काढलं नव्हतं. मग चारचौघांसमोर त्यांना तीच बाई बघायला लावायची? माऊने एकेका फोटोतून आई पुसली आणि तिच्या जागी शेजारचा दगड भरला. हल्ली बोट फिरवलं की माणूस जातो. हे बाबांसाठी, असं ती स्वतःला सांगत होती. खरं तर बाबांसाठी थोडं आणि तिच्या स्वतःच्या रागासाठी बरंच होतं.

छळलं ते शेवटच्या फोटोने. त्यात आईच्या कडेवर चिमुकली माऊ होती, गळ्याला मिठी मारून. एकीला ठेवून दुसरीला काढणं काही केल्या जमेना. तिने दोघींनाही पुसलं.

“बरं केलंस बाई,” शेजारी बसलेली आत्या कुजबुजली. “आधीच दादाची काय कमी शोभा झालीय!”

बाबांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. “हा समुद्राचा तळ आहे,” ते म्हणाले. “गाळावर गाळ बसला, त्याचा दगड झाला. मग जमिनीने तो खालून रेटत वर आणला.” आवाज नेहमीचा नव्हता.

पहिल्या रांगेतल्या टकल्या गृहस्थांनी हात वर केला. “साहेब, हा दगड केवढा आहे हो? नाही म्हणजे, अस्साच एक आमच्या परसात आहे. बायको त्यावर चादरी धुते.”

सभागृह खदखदून हसलं. अधीक्षकही हसले.

“चूक तुमची नाही,” बाबा म्हणाले. “दगडाच्या फोटोत प्रमाणासाठी काहीतरी ठेवायचं असतं. हातोडी, नाणं, नाहीतर माणूस. त्याशिवाय डोंगर आणि ढेकूळ सारखेच दिसतात.”

“मग तुम्ही ठेवलं नाहीत?”

बाबांनी मागच्या टोकाला पाहिलं. माऊने मान खाली घातली. आता चिडतील, भाषण अर्धवट टाकून उतरतील, घरी गेल्यावर महिनोन्महिने बोलणार नाहीत. काय काय तिच्या मनात येऊन गेलं.

“ठेवलं होतं,” एवढंच ते म्हणाले. मग पडद्याजवळ गेले आणि कड्याच्या पायथ्याशी करंगळीचं टोक टेकवलं. “इथे एक माणूस उभा आहे असं समजा. एवढा. नखाएवढा.”

परसातल्या दगडाचा बघता बघता कडा झाला. लोकांच्या माना वर गेल्या, कुणीतरी “बाप रे” म्हणालं. माऊला मात्र ती करंगळीच दिसत होती. आई जिथे उभी होती, बरोब्बर तिथेच ती टेकली होती.

“माऊ, पुढचा.”

बर्फाने तासून काढलेली दरी आली. बाबांनी शोधाशोध केली नाही, सरळ डाव्या कोपऱ्याशी जाऊन करंगळी टेकवली. “इथे.” पुढचा. “इथे, या भेगेपाशी.” माऊने आठवडाभर डोळे फोडून जी जी जागा पुसली होती, ती ती त्यांना न बघता ठाऊक होती. एका फोटोत त्यांनी करंगळी वाकवून ठेवली. “इथे बसलीय. नवे बूट चावत होते.”

“काय बोलतोय हा!” आत्या पुटपुटली. “अगं, आवर त्याला.”

आवरणार कसं? माऊला रडू येत होतं, रागही येत होता, आणि राग नेमका कुणावर ते कळेना. एकच फोटो उरला होता. तो गाळावा, सरळ दिवे लावून टाकावेत, असं तिच्या मनात आलं. बोट बटणावर घुटमळलं.

“माऊ, शेवटचा राहिला.”

तिने बटण दाबलं. डोंगराचा माथा आला, शंखशिंपले रुतलेला कातळ आणि वर मोकळं आभाळ. शंखशिंपल्यांबद्दल बाबा काहीच बोलले नाहीत. त्यांनी करंगळी टेकवली. मग दुसऱ्या हाताच्या करंगळीचं टोक तिच्या अगदी लगत, जरा वर, टेकवलं. दोन्ही हात पडद्यावर आणि पाठ लोकांकडे, असे ते उभे राहिले.

“आणि हे दुसरं काय, साहेब?” पहिल्या रांगेतून आवाज आला. “तेही प्रमाणासाठी?”

“नाही,” बाबा वळले नाहीत. “ते खाली ठेवलं की रडायचं.”