इंजिनिअरची अमानत

हाज मिझ्यदने कॉफीचा पेला ओठांना न लावताच अबू शाहेरच्या अंगणातल्या चटईवर ठेवला. त्याच्या मागे बसलेल्या पुरुषांनीही आपापले पेले खाली ठेवले. मागणी मान्य झाल्याशिवाय कॉफी घेणार नाही, असं हाजने रीतीप्रमाणे सांगितलं. वडीलधाऱ्यांची कॉफी अशी गार करून त्यांना परत पाठवणाऱ्याला जॉर्डनमधल्या अजलूनच्या डोंगरात पुन्हा कुणी सलाम करत नाही. इंजिनिअर रामेझला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर तो एकटा न येता गावातली वजनदार माणसं पुढे घालून आला होता.

मागणी रस्त्याची होती. रामेझने शेजारची जमीन घेऊन सुट्टीचा बंगला बांधला होता आणि दर शुक्रवारी अम्मानहून येणाऱ्या त्याच्या ऐसपैस गाडीला जुनी वाट पुरत नव्हती. ती रुंद करायची, तर अबू शाहेरच्या बापाने लावलेली जैतुनाच्या झाडांची अख्खी रांग तोडावी लागणार होती. हाजने हे फार गोड शब्दांत मांडलं. रामेझ पांढऱ्याशुभ्र कडक इस्त्रीच्या झग्यात मान खाली घालून बसला होता. त्याची लहान मुलगी फाटकापाशी गाडीत थांबली होती.

अबू शाहेर दाढी कुरवाळत राहिला. वर्षभर त्याने या माणसावर डूख धरला होता. याच अंगणातून त्याने पाहिलं होतं: रामेझची राखाडी गाडी वळणावर थांबली, रामेझने मागचं दार उघडून एक पांढरं केसाळ कुत्रं खाली ढकललं आणि गाडी भरधाव निघून गेली. कुत्रं जीव खाऊन तिच्या मागे पळालं, मग परत येऊन वळणावरच बसून राहिलं. शेवटी भुकेने वेडं होऊन त्याने अबू शाहेरची दोन करडं फाडली. अबू शाहेर जाब विचारायला गेला, तर रामेझ चारचौघांत हसला. आपल्या घरात कुत्रं कधी नव्हतंच, म्हातारबुवांनी चष्मा करून घ्यावा, असं म्हणाला. लोकही हसले, आणि त्या दिवसापासून गाव त्याला अबू चष्मा म्हणू लागलं. करडांचं दुःख त्याने गिळूनही टाकलं असतं, पण हे नाव जिव्हारी लागलं होतं.

कुत्र्याला मारायला पुतण्या बंदूक घेऊन आला, तेव्हा अबू शाहेरने त्याला हाकलून लावलं होतं. ही दुसऱ्याची अमानत आहे, धनी भेटेपर्यंत ती सांभाळायची असते, असं सांगून त्याने कुत्र्याचं नावच अमानत ठेवलं. करडं खाणाऱ्याला ताकात भिजवलेली रोटी घालणाऱ्या नवऱ्याची अक्कल उम्म शाहेरने जेवणागणिक काढली. पण दर शुक्रवारी गाडीचा आवाज आला, की गोठ्यामागे बांधलेलं ते जनावर साखळी ताणून कण्हायचं, आणि अबू शाहेरचा राग पुन्हा ताजा व्हायचा.

"बोल, अबू शाहेर," हाज म्हणाला. "कोरड्या तोंडानं घालवतोस का आम्हाला?"

"तुम्ही दारी आलात, हाज, माझं भाग्य. झाडं मी माझ्या हातानं तोडीन. साहेबांनी फक्त शपथेवर एवढंच सांगावं, की त्या वळणावर त्यांनी कुत्रं सोडलं नव्हतं."

रामेझला हायसं वाटलेलं सगळ्यांना दिसलं. त्याने छातीवर हात ठेवला. "अल्लाची शपथ. माझ्या घरात कधी कुत्रं नव्हतं."

अबू शाहेरने मान डोलावली आणि गोठ्याकडे तोंड करून बायकोला हाक मारली. "सोड गं त्याला."

कुत्रं आलं ते थेट रामेझच्या अंगावर. चिखलाचे पाय पांढऱ्या झग्यावर रोवून ते त्याची हनुवटी, कान, डोळे चाटत सुटलं. आनंदाने त्याला धड भुंकताही येईना. तिसऱ्या प्रहरीच्या असरच्या नमाजासाठी हातपाय धुऊन, वुजू करून आलेली मंडळी कुत्र्याच्या लाळेचा विटाळ नको म्हणून कपडे सावरत भराभर मागे सरकली. हे कुणाचं जनावर आहे, हाकला त्याला, असं रामेझ ओरडत होता, आणि ते त्याच्या पायांशी लोळण घेत होतं.

"त्याला चष्मा लागत नाही, साहेब," अबू शाहेर म्हणाला.

हाज मिझ्यदच्या मिशा हलल्या. मागून कुणीतरी खुसखुसलं आणि मग सगळं अंगण हसलं. वर्षभर अबू शाहेर याच हसण्याची वाट पाहत होता.

तेवढ्यात गाडीचं दार वाजलं. "सुक्कर!" म्हणत मुलगी धावत आली आणि तिने कुत्र्याच्या गळ्याला मिठी मारली. खात्री करायला तिने त्याचा एक कान उलटा करून पाहिला, दुसरा पाहिला. मग बापाकडे मान वर केली.

"बाबा, सुक्कर तर मेला होता ना? मग आपण बागेत पुरलं कुणाला?"

हसणं थांबलं. रामेझ उठला, झगा झटकत नमाजाची वेळ झाल्याचं काहीतरी पुटपुटला. अबू शाहेरने पोरीचा चेहरा पाहिला. मग त्याने पुढे होऊन रामेझच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला दाबून खाली बसवलं.

"बसा, साहेब. रस्त्याचं राहू द्या. पोरीनं काहीतरी विचारलंय."