ऊभो रे!

तोफ कापून टाकलेला रणगाडा सुरतेजवळच्या हजीऱ्याच्या भंगारवाड्यात आता लोखंड ओढायचा. उखा त्याच्या पोटात उतरला, डोकं तेवढं झाकणातून बाहेर. रणगाड्याच्या मागे तारेचा जाड दोर, दोराच्या टोकाला मोडका बॉयलर, आणि बॉयलरच्या कुशीशी, त्या दोराखाली पोटावर पडून बॉयलरखाली ओंडका सारणारा त्याचा धाकटा भाऊ मारुती. नुकताच अमळनेरकडून आलेला.

“दादा, लढाईना बैल आते गाडाले जुपा का रे?” मारुती खालून हसला.

“शिंगं कापेल शेतस, पन मारका शे हाऊ. तू गुपचूप पडी ऱ्हाय.”

इंजिन गुरगुरलं. दोर ताणला, ताणता ताणता एकतारीसारखा वाजू लागला. बॉयलर हलेना. उखानं आणखी रेटलं.

दोराचा एक पीळ तुटला. मग दुसरा. मुकादम मगनभाईच्या नजरेला ते पडलं आणि रणगाड्याकडे हात उडवत तो जिवाच्या आकांतानं ओरडला, “ऊभो रे! अल्या, ऊभो रे!”

गुजरातीत त्याचा अर्थ ‘थांब’. सुरतेत केस पिकलेल्या उखाला तो ठाऊक होता, पण इंजिनाच्या धडधडीत हाक त्याच्यापर्यंत पोचलीच नाही. ती पोचली मारुतीपर्यंत. मुकादम उभं राहायला सांगतोय. नवा माणूस, पहिलाच हुकूम.

मारुती उभा राहिला.

दोर तुटला. मारुती पडला होता त्या जागेच्या हातभर वरून आसूड फिरला, आणि विळ्यानं ज्वारीचं ताट आडवं व्हावं तसा तो आडवा झाला. पाय मांडीपासून वेगळे, बॉयलरपाशीच राहिले.

उखा धावला. गमछा सोडून आवळला, सदरा फाडून आवळला. रक्त बोटांतून उसळतच होतं.

“पडी ऱ्हाय सांगं व्हतं ना तुले! कसाले उठना रे भाऊ, कसाले?”

“मैं तो तेरे को बोला, उखा! तेरे को!” मगनभाई छाती बडवत होता. तेवढ्यात फाटकाबाहेर टेम्पो दिसला. तो तिकडे धावत सुटला, “ऊभो रे! ए टेम्पोवाळा, ऊभो रे!”

उखाच्या मांडीवर मारुतीचे डोळे उघडले. त्यानं दोन्ही तळवे मातीत रोवले.

“उठतो, भाई,” तो पुटपुटला. “उठतो.”