क्षितिजाचा हातगुण

कोंबड्यांच्या डॉक्टरांनी आणखी एक अंडं फोडलं. आत हिरवीकाळी बुरशी. धोंडूबाईंनी नाकाला पदर लावला आणि सुनेकडे बोट केलं.

"हिच्याच ट्रेमधलं. बघा, मी म्हंते ते खोटं हाय का?"

दिघाशीतल्या त्या घरच्या हॅचरीत ट्रे भरायला दोघीच होत्या, धोंडूबाई आणि सून क्षितिजा. सासूच्या ट्रेमधून पिल्लं निघायची, सुनेची अंडी उबवायच्या मशीनमध्येच नासायची. त्यात लग्नाला सहा वर्षं होऊन क्षितिजाला मूल नव्हतं. मग काय, गावाला आयतंच कोलीत मिळालं. वांझेच्या हाताखाली अंडं काय उबणार, असं बायका तोंडावर बोलायच्या. आता हिला काल्हेरला माहेरी धाडायची, हे धोंडूबाईंनी ठरवूनच टाकलं होतं. नवरा भाविक सगळं ऐकून घ्यायचा. ऐकून घेणं त्याला फार छान जमायचं.

डॉक्टर पडघ्याचे, कोंबड्यांतच आयुष्य गेलेले. ते अंड्यांच्या खोलीत गेले. क्षितिजानं सकाळी भरलेल्या ट्रेवरून त्यांनी बोट फिरवलं. ओलं. शेजारचा सासूचा ट्रे कोरडा ठणठणीत.

"हीच अंडी ओली कशी?"

"गोमूत्र शिंपडते मी," धोंडूबाई म्हणाल्या. "तिचा हात लागल्यावर शुद्ध नको करायला?"

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. अंड्याच्या कवचाला बारीक छिद्रं असतात, कवच ओलं झालं की त्यातून बुरशी आत उतरते, तुम्हीच तिला वाट करून दिलीत, असं त्यांनी फोड करून सांगितलं. यापुढे अंडी कोरडी ठेवा, शिंपडणं बंद. क्षितिजाला रडूच फुटलं. इतक्या वर्षांत तिच्या बाजूनं कुणी एक शब्द बोललं नव्हतं.

आता धोंडूबाई चूक कबूल करतील असं वाटलं. पण कसलं काय.

"अंड्यांचं समजलं, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "पन मंग हिला पोर का न्हाय?"

मागे उभा असलेला भाविक हळूच दाराकडे सरकला. क्षितिजानं त्याला पाहिलं आणि डोळे पुसले.

"ते तुमच्या लेकाला इचारा, आई. दवाखान्यात दोघांचीबी तपासणी झाली. दोष ह्यांच्यात निघाला. घरात सांगू नको, म्हनून ह्यांनीच मला गळ्याची आन घातली."