मालकांची मळमळ

शर्यतीच्या चौथ्या दिवशी यॉट उंच लाटांवर आदळत होती. सुकाणूपाशी उभे राहून मालक मिहिर कारखानीस खिमा-पाव खात होते आणि त्यांच्या वाटचं हरेश्वर नाखवा बादलीत ओकत होता. जन्मात कधी बोट न लागलेल्या या करंज्याच्या कोळ्याला त्यासाठीच खलाशी म्हणून घेतलं होतं. कानामागच्या पट्टीतून मालकांची मळमळ त्याच्या अंगात उतरायची.

दुपारी रेडिओवर निरोप आला, की मालकांची आई गेली.

"शीड सैल सोडू नकोस, आपण पुढे आहोत," मालक म्हणाले.

हरेश्वरला रडू फुटलं. करंज्यात घरी कुणी गेलं की होडी माघारी फिरते. मालकांचं हे रडूही आपल्याच गळ्यात मारलंय, असं वाटून त्याला शिसारी आली. त्याने पट्टी उपटून समुद्रात फेकली.

"तुमची आय हाय, सायेब. तुमीच रडा."

मालक कठड्यावर वाकून भडाभडा ओकले. मग तोंड पुसून त्यांनी विचारलं, "दुसरी बोट किती मागे आहे?"

त्यांचे डोळे कोरडे होते. हरेश्वरचं रडू मात्र थांबेना.