ही एकच व्यक्ती आहे का?

शिंप्याने दुसऱ्या कंपनीचा फोन घेतला आणि जुन्यातले सगळे फोटो त्यात उतरवले. जुना फोन एकेका माणसाचे फोटो एकत्र लावायचा. नव्यानेही लावले, पण त्याच्या बायकोचे दोन वेगळे गठ्ठे केले. एकात आजारपणाआधीची ती, दुसऱ्यात दवाखान्यातून घरी आल्यानंतरची.

'ही एकच व्यक्ती आहे का?' फोनने विचारलं. त्याने 'हो' दाबलं. गठ्ठे एक झाले आणि बघता बघता पुन्हा वेगळे झाले.

त्याला हसू आलं, पण ते ओठांवरच विरलं. आजारपणात माणूस वाळतं, हे त्याला कळत होतं. पण ती घरी आल्यापासून तिच्या कपड्यांच्या बाह्या बोटभर आखूड पडत होत्या. त्या त्याने मुकाट्याने उसवून वाढवल्या होत्या.

"अगं, इकडे ये. या फोनचं डोकं फिरलंय."

ती हात पुसत आली. दुसरा गठ्ठा बघून म्हणाली, "ही मी. बरी आलेय की!"

मग तिने पहिला उघडला. लग्नाच्या फोटोत तो बायकोचा हात धरून उभा होता. ती बराच वेळ बघत राहिली.

"अहो, ही बाई कोण?" तिचा आवाज दुखावलेला होता. "कधी बोलला नाहीत मला."