कोल्ह्याचं तोंड

"कोणी हलू नका," गंगाधर म्हणाला. पण सांगून ऐकेल ती चाळ कसली. एक जण लगेच शिंकला, दोघे हसले.

ठरलं होतं एवढंच, की शिवडीच्या तिवरांपाशी पहाटे रखमावहिनी येणार, एकटी. डिलाईल रोडवरून आले नऊ जण. कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा झाला, कुत्र्यांना बिस्किटं घालून झाली, आणि ती चार कुत्रीही शेपट्या हलवत मागोमाग आली. जिच्यासाठी हा सगळा उपद्व्याप, ती वहिनी मात्र गुडघे धरत अजून मागे रस्त्यावरच होती.

दुपारी गिरणी कामगारांच्या घरांची सोडत होती. दादा जाऊन अकरा वर्षं झाली, अर्ज आता वहिनीच्या नावावर. सकाळी कोल्ह्याचं तोंड बघितलं की काम होतं, असं तिची सासू सांगायची. गंगाधरने कोल्हिणीचा फोटो चाळीच्या ग्रुपवर टाकला, तिथेच माती खाल्ली. "माका एकदा दाखव रे," वहिनी म्हणाली. तिने त्याला लहानाचं मोठं केलेलं. नाही कसं म्हणणार?

दीड वर्ष तो कॅमेरा घेऊन इथे बसत होता. पहिले चार महिने नुसतं शेपूट दिसलं. रोज तोच दगड, तोच खाकी शर्ट. मच्छर चावले तरी हात हलवायचा नाही. हळूहळू कोल्हीण थांबायला लागली. आता ओहोटीला चिंबोऱ्या शोधत ती त्याच्यापासून दहा पावलांवर फिरायची आणि त्याच्याकडे ढुंकूनही बघायची नाही. पोस्टातल्या छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्याला इतका मान कोणी दिला नव्हता.

आज ती नेहमीच्या वेळेला आली. एवढी माणसं बघून थबकली, पण पळाली नाही. सगळ्यांचे मोबाईल वर झाले.

"काका, काय गरीब आहे हो," ग्रुपचा अॅडमिन विनीत म्हणाला. "एकदम पाळल्यासारखी."

तेवढ्यात कुत्र्यांना वास लागला.

"पळ," गंगाधर ओरडला. हातवारे केले, दगड उचलून तिच्या दिशेने फेकला. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि होती तिथेच उभी राहिली. माणूस दिसला तरी पळायचं नाही, एवढंच तर तो दीड वर्ष तिला शिकवत आला होता.

विनीतला काठी सापडेपर्यंत सगळं आटोपलं. गंगाधर चिखलात घुसला, लाथा घालून कुत्री हाकलली. कोल्हिणीची मान लुळी पडली होती. तिला उचलून त्याने काठावर आणलं आणि तिच्याजवळच बसला. त्याला रडायचं होतं, पण एवढ्या लोकांसमोर ते जमेना.

"चला, आपल्याला दिसलं ना," मागून कोणीतरी म्हणालं. विनीत चपला धुवायला नळ शोधत टपरीकडे गेला. बाकीचेही त्याच्या मागून पांगले.

वहिनी पोचली तेव्हा तिथे तो एकटाच होता. ती धापा टाकत उभी राहिली. खाली बघून तिचे डोळे भरले. "शिरा पडो त्या कुत्र्यांच्या तोंडार," ती पुटपुटली. मग तिने पदराने डोळे पुसले. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून तिने आवाज खाली आणला.

"गंगाधरा, मेलेल्याचा चालता काय रे?"

गंगाधरने हाताने कोल्हिणीच्या तोंडावरचा चिखल पुसला. तिची लुळी मान उचलून वहिनीकडे वळवली.

"चालता," तो म्हणाला. "बघ नीट."